मागे ठेवलेला घास

आईला जेवू घालणं हे माझ्या दिवसातलं सगळ्यात मोठं काम. त्यामानाने ऑफिस म्हणजे सुट्टी. मी एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. तिथे मुलं खिडकीतून माझ्याशी भांडतात, प्राचार्य केबिनमधून भांडतात, आणि मी दोघांनाही पुरून उरते. घरी मात्र ब्याऐंशी वर्षांची एक बाई माझ्यासमोर तोंड घट्ट मिटून बसते आणि अर्ध्या तासात माझा निकाल लागतो.

आईचं विसरणं सुरू होऊन पाच-सहा वर्षं झाली. आधी ती गॅस बंद करायचं विसरली, मग मागच्या लाइनीतल्या देवळाचा रस्ता, मग माझं नाव. नाव विसरली तेव्हा मी दोन दिवस रडले. नंतर सवय झाली. तिच्या लेखी मी कधी तिची जाऊ असते, कधी गावाकडची शेजारीण, कधी नुसतीच ‘ही बाई’. मी मुकाट्याने ते सगळं होते. जाऊ व्हायला माझं काय जातं? पण गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर तिने जेवण सोडायला सुरुवात केली आणि तिथे माझी हुशारी संपली.

सकाळी साडेनऊला मी वरणात पोळी कुस्करून, वर तूप घालून वाटी घेऊन बसायची. पहिला घास ती कधीकधी घ्यायची. दुसऱ्या घासाला मान वळवायची. तिसऱ्याला माझा हात धरून बाजूला सारायची आणि अगदी समजुतीच्या आवाजात सांगायची, “तुहे बाबा जेवाचे हायत अजून.”

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

सुरुवातीला मी खरं सांगितलं. “आई, बाबा गेले ना वं.” तिने माझ्याकडे असं पाहिलं की तसं कोणी कोणाकडे पाहू नये. मग रडली, कपाळाला हात लावून, आजच घरातून तिरडी उठल्यासारखी. संध्याकाळपर्यंत ते रडणं का आहे हेही ती विसरली, पण रडणं थांबलं नाही. असं तीनदा झालं. तीनदा मी तिला नव्याने विधवा केलं. चौथ्यांदा माझी हिंमत झाली नाही.

मग मी खोटं बोलायला लागले.

“बाबा जेवले, आई.”

“कवा?”

“आत्ताच.”

“मंग ताट कुठी हाय त्याईचं?”

“घासलं.”

“कोनं घासलं? मी त जेवलीच नाई अजून!”

मला त्यात काही अर्थ दिसत नव्हता. आईच्या त्या दिवसांतल्या शंभर वाक्यांपैकी नव्व्याण्णवांना शेंडाबुडखा नसायचा, त्यांतलंच हे एक, असं मी धरून चालले. डॉक्टरांनीही सांगितलं होतं की या आजारात भुकेची जाणीवच जाते. म्हणजे ती रुसत नव्हती, हट्ट करत नव्हती, तिला भूकच कळत नव्हती. एवढं समजल्यावर माणसाने चिडू नये. पण मी चिडायची. एकदा वाटी ओट्यावर इतक्या जोरात आपटली की वरण टाइल्सवर उडालं. आई दचकली आणि हात जोडून म्हणाली, “मारू नका हो बाई.” त्या दिवशी मी ऑफिसात कोणाशीच भांडले नाही.

एप्रिल संपता संपता तिचं वजन छत्तीस किलोवर आलं. धंतोलीतल्या डॉक्टरांनी तिची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाले, “आणखी तीन आठवडे बघू. नाहीतर नाकातून नळी टाकावी लागेल.” त्यांच्या बोलण्यात काही वावगं नव्हतं. पण बाहेर पडताना मी शेजारच्या खोलीत एक म्हातारा माणूस पाहिला होता. त्याच्या नाकात नळी होती आणि दोन्ही हात कापडी पट्ट्यांनी कॉटच्या दांड्याला बांधलेले होते. मी सिस्टरला विचारलं, असं काहून? ती म्हणाली, “ओढून काढतात ना ताई नळी. यांना समजत नाही.”

आईला तर काहीच समजत नव्हतं, आणि तिचे हात एक क्षण स्वस्थ नसायचे. ते दिवसभर मांडीवरच्या नसलेल्या सुपात तांदूळ निवडायचे. कधी हवेत भाकर थापायचे, कधी पदराच्या टोकाला गाठ मारून सोडायचे. बाकीची आई कुठेतरी निघून गेली होती, पण हात अजून घरीच होते. मला नळीची भीती नव्हती, त्या पट्ट्यांची होती. रिक्षात बसल्यापासून घरी येईपर्यंत मी तिचे दोन्ही हात धरून बसले होते, आणि ती मला सारखी विचारत होती, “कोन हाय वं तू? सोड ना, काम पडलं हाय मले.”

धाकटा भाऊ पुण्याला असतो. फोनवर म्हणाला, “ताई, लावून टाकू नळी. उपाशी मरतेय ती.” त्याचंही चुकत नव्हतं. या सगळ्या प्रकरणात कोणाचंच काही चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

आता मला थोडं मागे जाऊन एका ताटाबद्दल सांगायला हवं.

आम्ही लहान होतो तेव्हा नागपूरच्या महाल भागात दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. बाबांना सरकारी ऑफिसात नोकरी लागल्यावर आई कळमेश्वरच्या पुढच्या आमच्या गावाहून, शेतातली कामं सोडून, शहरात आली ती आमच्या शाळेसाठी. बाबा सकाळी पाटावर बसून जेवायचे. त्यांचं स्टीलचं काठाचं मोठं ताट होतं, दुकानातल्या मशीनने त्यावर त्यांचं नाव कोरलेलं. जेवण संपत आलं की ते ताटाच्या उजव्या कोपऱ्यात थोडा भात, थोडी भाजी, भाकरीचा एक तुकडा मागे ठेवायचे आणि उठायचे. मग आम्ही मुलं जेवायचो. सगळ्यांचं झालं की आई बाबांचं तेच ताट पुढे ओढायची. न धुता त्यातच स्वतःचं वाढून घ्यायची आणि पहिला घास त्या मागे ठेवलेल्यातला खायची. तिच्या आईने तसंच केलं होतं, तिच्या सासूने तसंच केलं होतं. आईचं स्वतःचं असं ताट आमच्या घरात नव्हतंच.

मी नववीत असताना एकदा तिला विचारलं, “तू धुतलेलं ताट काहून घेत नाही वं? उष्टं खायला किळस नाही येत?”

“नवऱ्याच्या ताटाची कसली आली किळस? मागं ठेवतात ते माह्यासाठीच.”

“मी नाही खाणार कधी कोणाच्या ताटात.”

“पाहू,” आई म्हणाली.

पाहायची वेळ आली माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. सासर अमरावतीचं. नवरा जेवून उठला आणि सासूबाईंनी त्याचं ताट माझ्यापुढे सरकवलं. मी काही भाषण केलं नाही. उठले, मांडणीवरून धुतलेलं ताट घेतलं आणि त्यात वाढून घेतलं. पंगतीतल्या बायका सासूबाईंकडे पाहायला लागल्या. सासूबाई कोणाकडेही न पाहता म्हणाल्या, “आईनं काही वळण लावलं नाही वाटते.”

ते वाक्य माझ्या आधी नागपूरला पोचलं. मी पहिल्यांदा माहेरी आले तर आईने पाणीसुद्धा विचारलं नाही. “तुह्यापायी मले बोल लागला,” एवढंच म्हणाली, आणि आत जाऊन रडली. तीन वर्षांनी मी कायमची परत आले. त्याची कारणं वेगळी होती, बरीच वाईट होती, आणि आईला ती माहीतही होती. पण तिच्या मते सगळं त्या ताटापासून सुरू झालं. बाबांनी काही न बोलता मला मागची खोली दिली. तेव्हापासून आम्ही दोघी एका घरात राहतो, आणि दर दोन-चार महिन्यांनी, पापड लाटताना नाहीतर कपडे वाळत घालताना, ते वाक्य निघायचं: मले बोल लागला. मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. एकदा म्हटलं, “बोल लागला तर लागला, जीव तर नाही ना गेला कोणाचा!” पंधरा दिवस अबोला होता आमचा.

मेच्या मध्यात भाऊ दोन दिवसांसाठी आला, नळीचं ठरवायलाच. बाहेर आग ओतल्यासारखं ऊन होतं, स्वयंपाकघरात उभं राहवत नव्हतं. म्हणून मी त्याला समोरच्या खोलीत कुलरपुढे पाट टाकून दिला. त्याने हौसेने बाबांचं ताट मागितलं. कढी-गोळे केले होते, डाळीचे गोळे कढीत सोडून. जेवता जेवता त्याला ऑफिसचा फोन आला आणि तो बोलत बोलत गॅलरीत निघून गेला. ताटात अर्धा गोळा, चार घास भात तसाच राहिला. मी मनात म्हटलं, चाळिशी उलटली तरी याचं ताट उचलायला बाईच लागते.

मी उचलायला जाणार, तेवढ्यात आई आतून भिंत धरून धरून आली. ताटापाशी थांबली, हळूहळू खाली बसली. ताट पुढे ओढलं. उजव्या हाताने भात कालवला, गोळा फोडला आणि घास तोंडात घातला. चावला, गिळला. मग दुसरा घेतला. मी दाराशीच उभी राहिले. ताट रिकामं झालं तशी ती इकडेतिकडे पाहत म्हणाली, “वाढा ना वं कोनी.”

मी भात आणला, कढी आणली. तीन महिन्यांत पहिल्यांदा ती स्वतःच्या हाताने पोटभर जेवली.

भाऊ आत आला, त्याने पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. “बघ ताई,” तो म्हणाला, “मी आलो म्हणून जेवली.”

मला काय वाटलं ते लिहिते, लपवून काय करायचं? मला त्याच्या अंगावर कढीचं पातेलं रिकामं करावंसं वाटलं. तीन वर्षं मी तिला धुते, पुसते, नेसवते. आणि हा विमानातून उतरला, कढी-गोळे खाल्ले, ताट टाकून उठला, आणि आई जेवली! मी भांडी घासायला आत गेले. तिथे नळ मोठा सोडून रडता येतं.

तो गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईने पुन्हा मान वळवली. “तुहे बाबा जेवाचे हायत.” मी बसने ऑफिसला जाताना रागारागात तेच ते घोळवत होते, आणि अजनीच्या पुलावर कुठेतरी मला तिचं ते जुनं बोलणं आठवलं. कोनं घासलं? मी त जेवलीच नाई अजून. ते वेड्यासारखं बोलणं नव्हतंच. मी रोज तिला सांगत होते की बाबा जेवले आणि त्यांचं ताट घासून टाकलं. मग ही जेवणार कशात? मी तिच्यापुढे रोज लख्ख धुतलेली वाटी धरत होते. बाबा असेपर्यंत या घरात ती धुतलेल्या भांड्यात कधी जेवलीच नव्हती, आणि आता तिच्या लेखी बाबा परत घरात होते.

त्या संध्याकाळी मी बाबांच्या ताटाला वरण माखलं, कोपऱ्यात भाताचा एक घास ठेवला आणि आईला म्हटलं, “बाबा जेवून उठले.” ती आली, बसली. ताटाकडे पाहत राहिली.

“याच्यात कोनी जेवलं नाई.”

सकाळ आहे की संध्याकाळ हे जिला सांगता येत नव्हतं, तिने ती लबाडी एका नजरेत पकडली. कशी पकडली? भात कालवल्याचे बोटांचे ओरखडे नव्हते, की भाकरीचा चुरा नव्हता, कोण जाणे. पन्नास वर्षांचा अनुभव होता तिचा. कितीतरी दिवसांनी मी मोठ्याने हसले.

मग दुसरा मार्ग नव्हता. मी आईला आत बसवलं, बाबांच्या पाटावर, बाबांसारखी मांडी घालून बसले आणि बाबांच्या ताटात जेवले. उजव्या कोपऱ्यात थोडं मागे ठेवलं आणि हाक मारली.

आईने ताट पाहिलं. “पोटभर जेवले?”

“हो.”

“काई म्हनले?”

“भाजी चांगली झाली म्हणे.”

तिने संशयाने माझ्याकडे पाहिलं. “ते असं म्हनत नाई.”

“मीठ कमी होतं म्हणे.”

“हं,” ती म्हणाली, आणि समाधानाने ताट पुढे ओढलं.

असे आमचे दिवस सुरू झाले. सकाळी ऑफिसला जाण्याआधी मी बाबा होऊन जेवायची, संध्याकाळी परत बाबा होऊन जेवायची. भूक असो नसो. ज्या गोष्टीपायी मी भर पंगतीत उठले, तीच गोष्ट मी आता दोन वेळा, वेळेवर, नेमाने करत होते, फक्त दुसऱ्या बाजूने. आपल्या आईला उष्टं वाढणारी मुलगी म्हणजे मी. दुसरं कोणी करताना दिसलं असतं तर मी चार गोष्टी सुनावल्या असत्या.

दुपारचा प्रश्न होता. मी नसताना आईजवळ एक मावशी असते, माझ्याच वयाची, सकाळी नऊ ते सहा. मी तिला सगळं समजावून सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “ताई, माह्या उष्ट्यात जेवन आजी?”

“तिला समजत नाही मावशी.”

“तेच म्हणून रायली मी. समजत असतं त हे ताट शिवू देल्लं असतं का त्याईनं मले?”

ती खरं बोलत होती. आईने घरकामाच्या बायांसाठी कपबशी वेगळी ठेवलेली मी पाहिलेली आहे. खिडकीच्या फळीवर, उपडी. त्यावरूनही माझी आणि तिची भांडणं झाली होती, पण कपबशी तिथेच राहिली होती. मावशीलाही ते माहीत असणार, नागपुरात अशा किती खिडक्या तिने पाहिल्या असतील. तरी दुसऱ्या दिवसापासून ती बाबांच्या पाटावर बसून जेवली आणि कोपऱ्यात घास मागे ठेवला. मला म्हणाली, “पाप लागन त लागन. पोटात त गेलं म्हातारीच्या.”

आईचं वजन थांबलं, मग दीड किलो वाढलं. डॉक्टर खूश झाले. काय केलंत, म्हणाले. मी म्हटलं, जेवते आता. भावाला मात्र मी सगळं सांगितलं, मुद्दाम, खुलासेवार. तो म्हणाला, “म्हणजे माझ्यामुळे नाही.” मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

पाच महिने असे गेले. मला वाटायला लागलं होतं की मी जिंकले. या आजाराशी कोणी जिंकत नाही हे सगळ्यांनी सांगितलं होतं, पण मी सगळ्यांचं ऐकणारी असते तर अमरावतीलाच राहिले असते.

दिवाळीनंतर आई ताटापाशी बसायची आणि मधेच थांबायची. घास हातात धरून त्याच्याकडे पाहत राहायची, आता याचं काय करायचं असतं असं. मी “तोंडात घाल, आई” म्हटलं की घालायची, पण गिळायचं विसरायची. दहा घासांचे सात झाले, सातांचे पाच. खोकला यायला लागला. मी मागे ठेवलेला घास मोठा करत गेले, मऊ करत गेले. मीठ कमी म्हणे, मी सांगायची, आणि ती आता “हं” सुद्धा म्हणायची नाही. ताटात काही कमी नव्हतं. माझ्या हातात असलेलं सगळं मी करत होते आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता. हे लिहायला एक ओळ लागते. जगायला तो अख्खा हिवाळा लागला.

जानेवारीत डॉक्टरांनी वजन पाहिलं, खोकला ऐकला आणि म्हणाले, आता थांबता येणार नाही. अन्न फुप्फुसात जातंय. सोमवारी आणा, नळी टाकू. मी विचारलं, “हात बांधावे लागतील?” ते म्हणाले, “बघू.” डॉक्टरांच्या ‘बघू’चा अर्थ एव्हाना मला कळतो.

तो शनिवार होता. परीक्षेच्या फॉर्मचा शेवटचा दिवस, त्यामुळे ऑफिसात डबा उघडायलाही वेळ झाला नाही. घरी पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. मावशी दारातच होती, तिला घरी पाहुणे येणार होते. “मी जेवली, ताट ठेवलं. आजी बसल्या हायत, पण खाऊन नाई रायल्या,” असं सांगून ती गेली.

आई समोरच्या खोलीत बाबांच्या ताटापुढे बसली होती. गॅलरीतून ऊन येऊन तिच्या पावलांवर पडलं होतं. ताटात मऊ भात होता, पातळ वरण होतं, दोनतीन घास खाल्लेले दिसत होते. तिचे हात मांडीवर तांदूळ निवडत होते. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. पर्ससुद्धा खांद्यावरून काढली नव्हती. सोमवारी हे हात बांधतील, एवढं एकच डोक्यात होतं.

आईने निवडणं थांबवलं आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

“घे वं,” म्हणाली. “मागं ठेवलं हाय.”

उरलेला भात तिने बोटांनी उजव्या कोपऱ्यात गोळा करून ठेवला होता. आमच्या घरात सगळ्यात शेवटी जेवणाऱ्या या बाईने कोणासाठी काही मागे ठेवल्याचं मला आठवत नाही. तिच्या मागे कोणी जेवायचं उरलेलंच नसायचं.

मला भयंकर भूक लागली होती. मी विचार केला नाही. तो भात कालवला आणि खाल्ला, पहिला घास, दुसरा घास. आधी मावशी जेवली होती, मग आई, आता मी, तिघी बाबांच्या त्या एकाच ताटात. भात गार झाला होता आणि मीठ खरंच कमी होतं. मी खाली मान घालून खात होते, आणि डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं.

आई माझ्याकडे पाहत होती. किती दिवसांनी ती अशी टक लावून, माझ्याकडे म्हणून पाहत होती. मग तिने हात पुढे केला आणि माझ्या पाठीवरून फिरवला.

“कोनाची पोर वं तू?” तिने विचारलं.

मी पुढचा घास घेतला.

“चांगल्या घरची दिसतं,” आई म्हणाली. “तुह्या मायनं चांगलं वळण लावलं वं तुले.”

तीस वर्षं मी या वाक्याची वाट पाहत नव्हते. मला ते नकोच होतं. या अशा वळणाला मी आयुष्यभर शिव्या दिल्या होत्या, आणि पुन्हा कोणी माझ्यापुढे ताट सरकवलं तर मी पुन्हा उठेन. पण तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी त्याआधी फक्त बाबांना मीठ कमी लागलं असं ऐकल्यावर पाहिलं होतं.

“हो,” मी म्हटलं. “लावलं तिनं.”

तिने मान हलवली आणि हात परत मांडीवर नेले, तांदूळ निवडायला. मी ताट पुसून खाल्लं आणि ते न घासता तसंच तिच्यापुढे ठेवून दिलं.